पडून असलेल्या रानाचा थर्ड पार्टी विमा

दुचाकी रस्त्यावर आणायची तर थर्ड पार्टी विमा लागतो, हे कसबा बावड्यातल्या कोणत्याही कॉलेजकुमाराला ठाऊक असते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातली ही सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. तिच्यामागचा विचार गाडीमालकाला सांभाळण्याचा नव्हता. ज्याला धडक बसली त्याचे घर मालकाच्या ऐपतीवर लटकत राहू नये, हा होता. आता त्याच कॉलेजकुमाराच्या घराच्या नावावर शिये रस्त्याकडे वीस गुंठे रान पडून असेल, त्यात कठडा ढासळलेली जुनी विहीर असेल, आणि पाणंदीने जाणारे एखादे पोर त्या विहिरीत पडले, तर भरपाई कोठून येणार? सातबारावर नाव असलेला माणूस जबाबदार ठरू शकतो, पण त्या जबाबदारीमागे पैसा उभा करणारी कोणतीही व्यवस्था आपल्याकडे नाही. मोकळ्या जमिनीच्या मालकांनी दायित्व विमा घ्यावा, आणि तो एकेकट्याने नव्हे तर गावातल्या सहकारी संस्थेमार्फत घ्यावा, असे माझे म्हणणे आहे.

हे बोलायला बावड्याइतकी योग्य जागा थोडीच असेल. महानगरपालिकेच्या हद्दीत असूनही इथे ऊस उभा असतो, साखर कारखान्याची चिमणी दिसते, आणि उसाच्या फडाला लागूनच अपार्टमेंट उठलेले असते. शेत आणि वस्ती यांच्यामधले अंतर संपले आहे. पूर्वी ज्या विहिरीकडे मालक, वाटेकरी आणि बैल एवढेच जात, तिच्या शेजारून आता शाळेची मुले सायकली मारतात. पंचगंगेच्या काठावर वीटभट्ट्यांसाठी माती उचलल्याने पडलेले खड्डे आहेत, पाणी न लागल्याने सोडून दिलेल्या बोअर आहेत, बिगरशेती करून वर्षानुवर्षे तसेच ठेवलेले प्लॉट आहेत. त्यात पुराची भर. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी. २०१९ आणि २०२१ साली ते या दोन्ही रेषांच्या कितीतरी वर गेले. पूर चढला की शिये–बावडा रस्ता पाण्याखाली जातो आणि रस्ता, बांध, खड्डा, विहीर सगळे एकाच पातळीचे गढूळ पाणी होते. मालक मात्र बहुतेक वेळा जागेवर नसतो. तो पुण्याला असतो, मुंबईला असतो, किंवा वारसनोंद होऊन एका गटावर चौदा नावे चढलेली असतात आणि वाटणीचा वाद चालू असल्याने चौदांपैकी कोणीच तिकडे फिरकत नाही.

यावर सर्वसाधारण उत्तर असते : माझ्या रानात न विचारता आला, त्याचे तो बघेल. हे उत्तर कायद्याला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली बिहारमधल्या एका प्रकरणात ते स्पष्ट सांगितले. शेजारच्या बायका आपल्या संडासात येतात म्हणून एका माणसाने तिथे उघडी तार लावून त्यात वीज सोडली, आणि एक स्त्री दगावली. ती न विचारता आली होती, हा त्याचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला. विनापरवाना आत येणाऱ्याचा जीव कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही आणि त्याला इजा व्हावी अशी योजना मालकाला करता येत नाही, हे तत्त्व त्या निकालाने घट्ट केले. कोल्हापूर जिल्ह्यात हे तत्त्व आजही रोजच्या कामाचे आहे. राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडीकडे गवे आणि रानडुकरे पिकात शिरतात आणि वैतागलेला शेतकरी कधी कधी घरगुती वीज थेट कुंपणाच्या तारेत सोडतो. बॅटरीवर चालणारे झटका मशीन क्षणभराचा हलका धक्का देते. थेट जोडलेली २३० व्होल्टची तार जनावर आणि माणूस असा भेद करत नाही. अशी तार लावणाऱ्याला कोणतीही विमा पॉलिसी वाचवणार नाही आणि वाचवूही नये.

पण बहुतेक प्रकरणांत मालकाने काही केलेले नसते. त्याने काही केले नाही, हीच तक्रार असते. इथे कायदा अधिक बारकाईने पाहतो. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली, तेव्हा १९६६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेला जबाबदार धरले. रस्त्याकडेची जुनी इमारत तपासत राहणे हे मालकाचे काम आणि आतला दोष आपल्याला ठाऊक नव्हता ही सबब चालणार नाही, असे ते म्हणाले. राजकोटला रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एक माणूस मेला, त्या १९९७ च्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने महापालिकेला दोष दिला नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कसोटी दिसते. धोका आधी ओळखता येण्याजोगा होता का, आणि तो टाळणे मालकाच्या हातात होते का? रस्त्यापासून चार पावलांवरची, झुडपांनी झाकलेली, कठडा नसलेली विहीर या कसोटीवर झाडापेक्षा मनोऱ्याच्या जवळ जाते, असे मला वाटते. मुलांच्या बाबतीत तर जगभरची न्यायालये मालकाकडून जास्त अपेक्षा करत आली आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७३ साली, कुलूप नसलेल्या रेल्वेच्या फिरत्या चकतीवर खेळताना जायबंदी झालेल्या मुलाला भरपाई दिली. इंग्लंडमध्ये १९२९ सालीसुद्धा न विचारता आत आलेल्या मुलाबद्दल मालकाचे कर्तव्य जवळजवळ शून्य मानले जाई. १९७२ साली, मोडक्या कुंपणातून विजेच्या रुळांवर गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ती कठोर भूमिका सोडली आणि १९८४ साली संसदेने त्याचा कायदा केला. भारतात जमीनमालकाच्या अशा जबाबदारीचा स्वतंत्र कायदा नाही. आपली न्यायालये निष्काळजीपणाच्या सर्वसाधारण तत्त्वावर आणि अशा निकालांच्या आधारे निवाडा करतात.

कायदा अगदीच मोघम आहे, असेही नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३, जे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आले आहे, रस्त्याला किंवा सार्वजनिक जागेला लागून असलेल्या तळ्याला, विहिरीला किंवा खड्ड्याला कुंपण घालण्याचा आदेश देण्याचा अधिकार प्रांताधिकाऱ्यांना देते. त्यासाठी अपघात व्हावा लागत नाही, शेजाऱ्याचा साधा अर्ज पुरतो. ही तरतूद गावात फार थोड्यांना माहीत आहे, आणि ती माहीत असती तर कित्येक कठडे वेळेवर उभे राहिले असते, याची हळहळ वाटते. बोअरच्या बाबतीत तर २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने नेमकी मापेच घालून दिली. बोअर मारण्याआधी पंधरा दिवस प्रशासनाला लेखी कळवायचे, काम चालू असताना फलक आणि काटेरी तारेचे कुंपण ठेवायचे, केसिंगभोवती अर्धा मीटर लांबीरुंदीचा काँक्रीटचा ओटा जमिनीखाली ०.३० मीटर आणि वर ०.३० मीटर असा बांधायचा, तोंडाला लोखंडी झाकण वेल्डिंगने किंवा नटबोल्टने पक्के बसवायचे, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरून टाकायची. हे न करणाऱ्या मालकाच्या जमिनीवर मूल दगावले तर निष्काळजीपणा सिद्ध करायला वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. अशा मृत्यूला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या संहितेत ही मर्यादा दोन वर्षांची होती. जबाबदारी कोणाची हे ठरवताना सातबारावरचे नाव महत्त्वाचे असले तरी ताबा त्याहून महत्त्वाचा असतो. रान खंडाने दिले असेल तर कसणारा, मातीसाठी वीटभट्टीवाल्याला दिले असेल तर खड्डा खणणारा, आणि सामाईक विहीर असेल तर तिचे सगळे हिस्सेदार हिशेबात येतात.

मग पैसा कोण देणार? आजच्या विमा योजनांची यादी लांब आहे, पण त्यांची दिशा वेगळी आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख देते, पण मेलेल्या माणसाने स्वतः ती घेतलेली असावी लागते, आणि वय १८ ते ७० मध्ये असावे लागते. विहिरीत पडणारे आठ वर्षांचे पोर त्यात बसत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची राज्य सरकारची सानुग्रह अनुदान योजना खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला मृत्यूनंतर २ लाखांपर्यंत मदत देते. दुसऱ्याच्या रानात मेलेला ऊसतोड मजूर किंवा भूमिहीन माणूस तिच्याबाहेर राहतो. भारत गृह रक्षा ही २०२१ पासूनची पॉलिसी घर आणि घरातले सामान सांभाळते. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा तर नावावरून नेमका आपलाच वाटतो, पण तो भोपाळच्या वायुगळतीतून जन्मला आणि घातक रसायने हाताळणाऱ्या कारखानदारांपुरताच आहे. तरीही त्या कायद्यातली एक कल्पना जपून ठेवण्याजोगी आहे. चूक कोणाची हे सिद्ध होण्याची वाट न पाहता पीडिताला ठरावीक रक्कम तातडीने द्यायची. मूळ कायद्यात मृत्यूसाठी ती २५,००० रुपये होती. मोटार अपघातांतही आजच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली दोष न दाखवता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. ही कल्पना मोकळ्या रानापर्यंत अजून पोचलेली नाही.

सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मात्र कारखान्यांव्यतिरिक्त इतर जागांसाठीची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी असते. ती घेताना काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. पॉलिसी तिसऱ्या माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला झालेल्या हानीबद्दल कायद्याने तुमच्यावर जी देणेदारी येते ती भरते. कंपनीच्या संमतीने केलेला वकिलीचा खर्चही त्यात धरला जातो. दोन मर्यादा लिहिलेल्या असतात, एका अपघातासाठी किती आणि वर्षभरात एकूण किती. बहुतेक पॉलिसी ज्या वर्षी दावा दाखल होतो त्या वर्षाला लागू होतात, अपघात घडला त्या वर्षाला नव्हे. त्यामुळे मधल्या एका वर्षी नूतनीकरण चुकले तर जुन्या अपघाताचे संरक्षणही जाऊ शकते. प्राणघातक अपघाताचा दावा १८५५ च्या कायद्याखाली मृत्यूपासून दोन वर्षांपर्यंत लावता येतो, म्हणून ही अट बारीक अक्षरात असली तरी मोठी आहे. पूर, भूकंप यांसारख्या नैसर्गिक आपत्तीतून आलेले दायित्व मूळ पॉलिसीत नसते, जादा हप्ता भरून ते जोडून घ्यावे लागते. पंचगंगेकाठच्या माणसाने ही जोड घेतलीच पाहिजे. दंड भरला जात नाही, जाणूनबुजून मोडलेल्या कायद्याचे परिणाम भरले जात नाहीत, आणि तुमच्याच मजुराला झालेली इजा यात येत नाही, त्यासाठी वेगळा कायदा आणि वेगळा विमा आहे. विहीर उपसायला किंवा गाळ काढायला माणसे लावणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे. फौजदारी खटल्यातून तर कोणताही विमा सुटका करत नाही.

पहिला आक्षेप व्यवहारातला आहे आणि तो खराच आहे : असे दावे लावतो कोण? जिल्हा न्यायसंकुल बावड्याच्या रस्त्यावरच उभे आहे, पण विहिरीत माणूस गमावलेले घर तिथे फारसे जात नाही. मोटार अपघातासाठी वेगळे न्यायाधिकरण आहे, ठरलेली आकडेमोड आहे आणि समोर देणारी कंपनी आहे. विहिरीच्या मृत्यूसाठी दिवाणी दावा लावावा लागतो, मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते आणि शेवटी हुकूमनामा मिळाला तरी तो वसूल करायचा कोणाकडून, हा प्रश्न उरतो. म्हणून चार माणसे बसतात, मिटवामिटवी होते, मालक जमेल तेवढे देतो आणि दोन्ही घरांमध्ये कायमची तेढ राहते. आक्षेप घेणारे यावरून विम्याची गरज नाही असे म्हणतात. मला त्याच वस्तुस्थितीतून उलटे दिसते. दावे नाहीत, कारण देणारा नाही. गाड्यांच्या बाबतीत विमा आधी आला आणि हक्क मागण्याची सवय त्यानंतर रुजली. मालकाच्या दृष्टीने पाहिले तरी दहा वर्षांतून एकदा येणारा दावा जमिनीची किंमत गिळणारा असेल, तर तो विरळ आहे एवढ्याने त्याचा धोका कमी होत नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. विमा आहे म्हटल्यावर कठडा कोण बांधेल? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण मुलाचा जीव वाचणे आणि मुलाच्या मृत्यूची भरपाई मिळणे यांची तुलनाच होऊ शकत नाही. पण विमा कंपनी आंधळेपणाने हप्ता घेत नाही. जोखीम पाहून अटी घालते, आणि अट मोडली तर दावा नाकारते. बोअरवर झाकण, विहिरीला कठडा, रस्त्याच्या बाजूला तार, प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याला कुंपण आणि काठावर बांधलेला दोर, एवढ्या गोष्टी पॉलिसीच्या अटी झाल्या तर सरकारी परिपत्रकापेक्षा त्या लवकर उभ्या राहतील. शेततळ्याचा दोर मुद्दाम म्हणतो. त्या प्लास्टिकवर पाय टिकत नाही आणि पोहता येणारा माणूससुद्धा बाहेर येऊ शकत नाही. खर्चाचा मुद्दा याच्याच पोटात आहे. पडून असलेल्या रानातून उत्पन्न नाही, मग मालकाने एवढे कोठून करायचे? इथे ऑस्ट्रेलियातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे गेलेल्या एका प्रकरणाची आठवण करून द्यावीशी वाटते. वीज पडून एका शेतातले उंच झाड पेटले. मालकाने ते तोडले, पण आग पूर्ण विझवली नाही आणि ती शेजाऱ्याच्या रानात गेली. १९६६ च्या निकालात मालक जबाबदार ठरला, कारण धोका त्याने निर्माण केला नसला तरी त्याला तो ठाऊक होता. पण त्याच निकालाने असेही म्हटले की मालकाकडून अपेक्षा करताना त्याची ऐपत पाहावी. थोडे पाणी मारून आग विझली असती, म्हणून तो दोषी ठरला. गरीब खातेदाराने दगडी कठडा बांधला नाही हे समजण्याजोगे आहे. काटेरी फांद्यांचा आडोसाही केला नाही, हे समजण्याजोगे नाही.

हप्ता एकराच्या हिशेबाने आकारला तर मात्र छोट्या खातेदारावर अन्याय होईल. धोका क्षेत्रफळात नसतो, वस्तूत असतो. आतल्या बाजूला पाच एकर पडीक असलेल्या माणसापेक्षा रस्त्यालगत दहा गुंठ्यांत उघडी विहीर असलेला माणूस जास्त जोखीम बाळगतो. म्हणून मोजायचे ते विहिरी, बोअर, खड्डे, शेततळी आणि रस्त्याला लागलेली हद्द. हे मोजमाप मुंबईतल्या विमा कार्यालयाला परवडणारे नाही, पण गावच्या विकास सेवा संस्थेला ते आजच माहीत असते. कर्ज देताना तिने सातबारा पाहिलेला असतो, कोणती विहीर सामाईक आहे आणि तिच्यात कोणाचा किती हिस्सा आहे हे तिच्या सचिवाला तोंडपाठ असते. विम्यासाठीच जमवलेल्या गटाला गट विमा देता येत नाही, पण सेवा संस्था काही विम्यासाठी जन्मलेली नाही. आपल्याकडचे अनेक साखर कारखाने सभासदांचा अपघात विमा उतरवतात, म्हणजे हप्ता बिलातून वळता करण्याची रीत बसलेली आहे. तो विमा सभासदाच्या घराला आधार देतो. त्याच रीतीने सभासदाच्या रानात इजा होणाऱ्या परक्या माणसासाठी दुसरा विमा उतरवता येईल. त्यात दोन थर असावेत : दोषाची चौकशी न करता लगेच देण्याची ठरावीक रक्कम, आणि तिच्यावर न्यायालयाने ठरवलेल्या दायित्वाची मर्यादा. सामाईक विहिरीसाठी सगळे हिस्सेदार एकाच पॉलिसीत विमाधारक म्हणून लिहिले गेले पाहिजेत, नाहीतर अपघातानंतर कंपनी एका नावाचाच हिस्सा मान्य करील. पुण्याला गेलेल्या भावाचे नावही त्यात हवे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. असा ठराव त्या सभेत मांडता येतो, पण त्याआधी पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत, रान मोकळे आणि झुडपे वाळलेली असताना, गावातल्या उघड्या विहिरी आणि बोअर यांची गटनंबरवार यादी करावी लागेल. यादी झाली की तिचे दोन उपयोग होतात. एक प्रत विमा कंपनीकडे हप्ता ठरवण्यासाठी जाते. ज्या विहिरींचे मालक सापडत नाहीत किंवा ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी प्रत कलम १५२ च्या अर्जासोबत प्रांत कार्यालयात द्यायची.